रूबेनच्या डोक्यावरचं पाणी

नागापूर, नगर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दाजींस,
शलमोनचा सलाम. रूथअक्कालाही सांगा.

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात एक बाटली आहे. तिचा हिशोब आज पहिल्यांदा केला. येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यर्देन नदीच्या काठावर ती तीन डॉलरला मिळाली, तीही रिकामी. पाणी आपलं आपण भरायचं. पण त्या काठापर्यंत जायला सहलवाल्याला एक लाख बारा हजार मोजले होते. वर्कशॉप अकरा दिवस बंद राहिलं, तेवढ्यात कारखान्याचं पाइपांचं काम दुसऱ्याने नेलं. आणि माझी मार्था बरोबर यायची होती. तिचे गुडघे दुखत होते, मी म्हटलं, तू पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी ती राहिलीच नाही. पाव लिटर पाणी मला कितीला पडलं ते आता तुम्हीच लावा. "पहिल्या नातवासाठी ठेवा," एवढंच ती म्हणाली होती. सहा वर्षं ठेवलं.

नातू आला. तीन तारखेला. नाव रूबेन. तुमचं कानाचं मशीन बिघडल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि तुम्ही "बरं बरं" म्हणता, म्हणून सगळं लिहून कळवतो. पोराच्या हृदयातल्या पडद्याला भोक आहे. बारा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, आता घरी आलंय. ऑपरेशन पुण्याला, आठ जानेवारीला. तोवर वजन वाढवा आणि सर्दी-खोकल्यापासून जपा, असं डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं.

आता माझं दुखणं. बाळाचा बाप्तिस्मा करायचा नाही, असं दीना आणि जावई म्हणतात. अँड्र्यू शिर्डीच्या हॉटेलात काउंटरला असतो, सुट्टीला येतो, बॅग ठेवायच्या आत शास्त्र काढतो. तो नव्या मंडळीतला, त्यांचं चर्चच वेगळं. तीन महिन्यांच्या दीनाला तुम्ही स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला होता, तो यांनी धरलाच नाही. लग्नानंतर तिला कालव्यात पुन्हा बुडवून काढलं. मी विचारलं, "आणि हे पोरगं?" जावई म्हणाला, "पपा, तो मोठा होईल, विश्वास ठेवील, मग स्वतः पाण्यात उतरेल." मी म्हटलं, मोठा होईल कशावरून? त्यावर दीना उठून आत गेली.

दाजी, मला झोप नाही. मोशे बायकापोरं घेऊन मिसरला निघाला, तेव्हा वाटेत मुक्कामी देवाने त्याला गाठलं आणि मारायला टपला. का, तर पोराची सुंता राहिली होती. बायकोने गारगोटी उचलली, तिथल्या तिथे पोराची सुंता केली, तेव्हा सोडलं. लहानपणी ही हकीकत ऐकून मी पांघरुणात शिरायचो. आता आम्हीही वाटेवर आहोत. आठ जानेवारीला पहाटे पाचला गाडी निघणार, आणि पोराच्या अंगावर कसलीच खूण नाही.

तुम्ही या. दीना दुपारी अंघोळीला जाते तेव्हा पाच मिनिटं पुरतील. बाटली तयार आहे.

तुमचा,
शलमोन

•

तिसगाव
२९ नोव्हेंबर

चि. शलमोन यास आशीर्वाद.

मी येणार नाही. रागावू नकोस.

लहान मुलाला बाप्तिस्मा द्यावा, हे मी एकतीस वर्षं शिकवलं आणि आजही मानतो. आठ दिवसांच्या पोराला कुणी विचारून सुंता करत नव्हतं. करार आधी देवाचा, पोराचा हात त्यात नंतर. पण अँड्र्यूला मूर्ख समजू नकोस. अब्राहामाने आधी भरवसा ठेवला, खूण मागून आली. इसहाकाला खूण आधी मिळाली, भरवसा मागून. जावई बापाकडे बोट दाखवतो, तू लेकाकडे. दोघंही एकाच घरातले आहेत. चोरून काम करावं असं मात्र त्या घरात कुणी सांगितलेलं नाही. आईबापांच्या पाठीमागे दिलेला बाप्तिस्मा मी देणार नाही.

मोशेची हकीकत तू नीट वाच. देवाने पोराला धरलं नव्हतं, बापाला धरलं होतं. आणि काम केलं ते आईने.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दुष्काळाच्या वर्षी एक बाई सात मैल चालत आली होती, ओटीत तापाने फणफणलेलं पोर. मी म्हटलं, रविवारी सगळ्या मंडळीसमोर देऊ. मला नियमाचा फार अभिमान होता. शनिवारी पोर गेलं. बाईने मला एकच विचारलं, "पाळक, माज्या पोराला तितं घेतील का?" त्या खड्ड्यापाशी उभा असताना मला पक्कं कळलं, की देव दारात वही घेऊन बसलेला कारकून नाही. मी उशीर केला होता, त्याने केला नव्हता.

म्हणून विचारतो. हे पाणी पोराला हवंय की तुला? पोरासाठी असेल तर दीनाशी बस, बोल, रडायचं तर रड. तुझ्या झोपेसाठी असेल, तर तो बाप्तिस्मा नाही, तो ताईत आहे.

रूथ म्हणते, बाळाला टोपी घालत जा. थंडी पडली आहे.

सुमंत गोर्डे

•

नागापूर
९ डिसेंबर

ती. दाजींस सलाम.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. त्यातलं ताईताचं वाक्य सोडून बाकी पटलं.

रविवारी कादरच्या घरी जेवायला गेलो होतो. आमचा फिटर कादर, त्याच्या नातवाची, फैयाजची सुंता झाली. हल्ली डॉक्टरच करतो. पोरगं हिरवा सदरा घालून पाय फाकवून बसलेलं, प्रत्येक पाहुण्याकडे संशयाने बघत होतं, हा पण कात्री घेऊन आलाय की काय. मी कादरला म्हटलं, आमच्यात एवढा त्रास नाही, नुसतं पाणी. तर म्हणतो, "शेठ, आमची खूण कापून, तुमची भिजवून. आमची मरेपर्यंत दिसती. तुमची सुकली की कुनाला काय कळतंय?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईस्तोवर तेच डोक्यात. खरंच, सुकल्यावर राहतं काय?

दीनाशी बोलायला बसलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं आणि अँड्र्यूचं भांडण माझ्या लेकराच्या डोक्यावर नको." झालं.

तुम्हाला माहीत आहे, माझे कान कसे आहेत. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला आवाज बदललेला कळतो, म्हणून तर लोक मशीन बंद पडायच्या आधी मला बोलावतात. पत्र्याच्या शेडात एका वेल्डिंग सेटवर सुरुवात केली, ती या कानांच्या जोरावर. या घरात माझ्या कानाला चुकवून काही घडत नाही. दीना उशीत तोंड खुपसून रडते ते मला भिंतीपलीकडून कळतं. आणि पोराचा श्वास तर मी रात्रभर मोजतो. भाता फुंकल्यासारखा. मध्येच थांबतो. मग मी पण थांबतो.

सकाळी बायडाबाई येते. नवनागापुरात निम्म्या घरची पोरं तिनेच न्हाऊ-माखू घातलेली. पाय लांब सोडून त्यावर पोराला पालथं घेते, तळहाताने कपाळाला आडोसा करून पाणी घालते. तिच्या मांडीवर आमचं पोरगं कधी रडत नाही. काल म्हणाली, "साहेब, ह्याचं काळीज आत लई धडधडतंय. देवाचं काय राह्यलंय का तुमचं?"

आठ तारखेला महिना उरलाय. मी काहीतरी करणारच.

शलमोन

•

तिसगाव
१५ डिसेंबर

चि. शलमोन,

गुडघ्याने बेजार होतो, उत्तराला उशीर झाला. हे पत्र आजच टाकायला पाठवतो, तुझ्या शेवटच्या ओळीने मला बसू दिलं नाही.

कादरभाईंना माझा सलाम सांग. त्यांचा प्रश्न आपल्या पुष्कळ पाळकांना पडत नाही. पाणी सुकतं, म्हणूनच प्रेषित पौल सुंता आणि बाप्तिस्मा एकत्र बांधतो. एक खूण कातडीवर राहते आणि माणूस तिच्यावर विसंबतो. दुसरी तासाभरात सुकते आणि मागे काहीच दाखवायला उरत नाही. पुढे आयुष्यभर माणसालाच दाखवावं लागतं. जुन्या संदेष्ट्यांनीही हेच सांगितलं, सुंता हृदयाची करा. हातांनी होत नाही ती. ती कशी होते हे मात्र मला कुणी विचारलं तर मी अजून अडखळतो.

एक ऐक. ती बाटली फ्रिजमधून काढ आणि अंगणातल्या झाडाला ओत. मार्था असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. बाळाच्या जवळ ते पाणी नेऊ नकोस.

सुमंत गोर्डे

•

नागापूर
१८ डिसेंबर

ती. दाजींस सलाम.

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे तुमची हरकत नाही असं मी धरून चाललो.

काम झालं. मंगळवारी दुपारी. बायडाबाई सकाळीच येऊन गेली होती, दीना अंघोळीला गेली. गीझरचा आवाज सुरू झाला तसा मी पोराला उचलून बेसिनपाशी नेलं. बाटली काढली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तीन वेळा. रूबेन, तुला बाप्तिस्मा देतो. शब्द मला पाठ आहेत, तुमच्या मागे उभं राहून किती वेळा ऐकलेत. तिसऱ्या वेळी त्याने मान वळवली, थोडा ठसका लागला. पाठ थोपटली, बसला. टॉवेलने पुसून, टोपी घालून परत पाळण्यात. गीझर बंद व्हायच्या आत सगळं आटपलं.

दाजी, तुम्ही काही म्हणा, आज मी मोकळा आहे. आमच्या घराण्यातल्या या पोराच्या डोक्यावरचं बाप्तिस्म्याचं पहिलं पाणी यर्देनचं आणि ते माझ्या हातचं. सव्वीस वर्षांत माझ्या वर्कशॉपमधून एक काम परत आलेलं नाही. माझ्या हातून कच्चं काम होत नाही, हे देवालाही माहीत असेल.

आता खुशाल पुण्याला जाऊ.

शलमोन

ता. क. हे पाकीट बंद करत होतो आणि तुमचं पंधरा तारखेचं आलं. बाटली आता रिकामीच आहे.

•

तिसगाव
२२ डिसेंबर

शलमोन,

दुसरं काही विचारत नाही. ठसका लागला म्हणजे पाणी नाकात गेलं का? फ्रिजमधलं तसंच घातलंस का? आज त्याचा श्वास कसा आहे? तुझे कान आहेत ना, ऐक आणि खरं कळव.

बाकीचं नंतर.

सुमंत

•

नगर, दवाखाना
२ जानेवारी २०२६

ती. दाजी,

नाताळला तुम्हाला कार्डसुद्धा टाकलं नाही. तुमच्या पत्राचं उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

श्वास बदलला होता. तुमचं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. एकोणीस तारखेच्या पहाटे भात्याच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला, भांड्याच्या तळाशी थोडं पाणी राहिल्यासारखा. मी अंथरुणात उठून बसलो. दुपारपर्यंत दीनाला काही जाणवलं नाही, मी बोललो नाही. संध्याकाळी पोर तापलं. तेव्हापासून इथेच आहोत. निमोनिया. मध्ये दोन दिवस ओठ निळे पडत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "छातीत काहीतरी गेलंय. दूध की पाणी? अंघोळ कोण घालतं?" दीना म्हणाली, बायडाबाई. डॉक्टर म्हणाले, "या बायका नाकातोंडात पाणी घालतात, किती सांगायचं." मी तिथेच उभा होतो, हातात औषधाची चिठ्ठी धरून.

अँड्र्यू घरी गेला आणि बायडाबाईला दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या पूजाच्या घरीही आता तिला बोलावत नाहीत, आणखी दोन घरांनीही बंद केलं. गोष्ट पसरायला किती वेळ लागतो?

पुण्याची आठ तारीख रद्द झाली. फुप्फुस साफ झाल्याशिवाय ते हात लावणार नाहीत, आणि उशीर झाला तर हृदय थकतंय, असं दोन्हीकडून सांगतात. नवी तारीख नाही.

मी रोज ठरवतो, आज सांगायचं. मग वाटतं, आत्ता दीना मोडलेली आहे, आणखी कशाला. मग वाटतं, अँड्र्यू मला पोराच्या जवळ उभं करणार नाही. मग वाटतं, कदाचित खरंच बायडाबाईच्या हातूनच गेलं असेल. हे तिसरं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून त्याचीच भीती वाटते.

तुम्ही ताईत म्हणाला होता. माणूस ताईत बांधतो, तो निदान कुणाच्या छातीत जात नाही.

शलमोन

•

तिसगाव
६ जानेवारी

चि. शलमोन,

मागे लिहिलं होतं, हृदयाची सुंता कशी होते हे सांगताना मी अडखळतो. एकतीस वर्षं गोलगोल बोललो. तुझं पत्र वाचून मला ते साधं दिसलं, आणि ते दिसण्याची किंमत ते पोर देतंय, म्हणून लिहायला लाज वाटते.

जे झाकलेलं असल्यामुळे तू चांगला दिसतोस, ते कापून टाकायचं. इतकंच. त्याला गारगोटी लागत नाही. दीनासमोर उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागतात. दुखतं, रक्त येतं, आणि ते दुसऱ्या कुणाला तुझ्यासाठी करता येत नाही.

बाप्तिस्मा म्हणजे आपल्यातल्या जुन्या माणसाने पुरलं जाणं, हे तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंस. त्या मंगळवारी बेसिनपाशी पुरण्यासारखा एकच माणूस होता आणि तो दीड महिन्याचा नव्हता.

तू दिलेलं पाणी खरं की खोटं, हा वाद मी घालणार नाही. शब्द बरोबर होते. पण त्या पाण्याचा दोष आज एक म्हातारी बाई वाहते आहे. जोवर ती वाहते, तोवर तुझं काम कच्चं आहे.

डॉक्टरांनाही सांग. छातीत दूध गेलं की सहा वर्षांचं नदीचं पाणी, याने त्यांच्या औषधात फरक पडत असेल. हे मला परवा सुचलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शलमोन, आजच सांग. माझ्या त्या शनिवारसारखा शनिवार तुझ्या वाट्याला येऊ देऊ नकोस.

सुमंत

•

पुणे, दवाखाना
१२ फेब्रुवारी

ती. दाजी आणि रूथअक्का,

महिनाभर काही कळवलं नाही. रूबेनचं ऑपरेशन मंगळवारी झालं. भोक बुजवलं आहे. अजून श्वास मशीनवर आहे. उद्या सकाळी नळी काढून बघणार, म्हणतात. डॉक्टरांना विचारलं, कसं वाटतं, तर म्हणाले, उद्या बघू. त्यांच्या आवाजात मी काही शोधायला गेलो नाही.

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी आधी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. सहा वर्षांचं? उकळलेलं? त्यांनी औषध बदललं आणि छातीतलं पाणी पुन्हा तपासायला पाठवलं. चार दिवसांनी ताप उतरला. त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

मग बायडाबाईकडे गेलो. ती पत्र्याच्या दारात लसूण सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव हुतं, साहेब. चाळीस वर्सं पोरं न्हाऊ घालते, येकाच्या बी नाकात पानी गेलं न्हाई. पर तुमी गप, मग म्या कुनाला सांगू? माजं कोन ऐकनार?" मी म्हटलं, चला, मी घरोघर येऊन सांगतो. म्हणाली, "चला की. चपला घालू द्या." सात घरं झाली. प्रत्येक दारात मी बोललो आणि ती माझ्या शेजारी उभी राहिली. पूजाच्या दारात मी अर्ध्यावर थांबलो, तर हीच म्हणाली, "सांगा सांगा, आता निम्मं झालंय." चार घरांनी तिला परत बोलावलं आहे. आमच्याकडे येईल का, विचारलं, तर म्हणाली, "पोरगं घरी येऊ द्या, मग बगू."

अँड्र्यूला सांगितलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. पण काल रात्री स्वतःची शाल माझ्या बाकावर ठेवून गेला.

दीनाला सर्वांत शेवटी सांगितलं, कारण तिथेच पाय उचलत नव्हता. नगरच्या दवाखान्याच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मध्ये. मी सगळं सांगितलं. यर्देन, मार्था, मोशे, गीझर. मला वाटलं ती विचारेल, तुम्हाला अधिकार कुणी दिला. किंवा ओरडेल. तिने एकच विचारलं.

"पाणी गार होतं?"

मी म्हटलं, "फ्रिजमधलं."

ती पायरीवर बसली. मीही खालच्या पायरीवर बसलो. ती माझ्याकडे न बघता बोलली. नोव्हेंबरात, नगरच्या दवाखान्यात, पोराच्या आठव्या दिवशी नर्सने तिला पेटीपाशी नेलं होतं. त्या दिवशी श्वास दोनदा थांबला होता. तिने नर्सकडून चमचा मागून घेतला आणि रूबेनला स्वतः बाप्तिस्मा दिला. अँड्र्यूला आजही माहीत नाही. "तो म्हणेल माझा विश्वास कच्चा," ती म्हणाली, "आणि तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत होतो. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं."

मी विचारलं, "मी कुठे होतो?"

"दाराबाहेर बाकावर, बाबा. तुम्ही जागे होता."

मग तिने सांगितलं, चमच्यातलं पाणी उकळून घेतलेलं होतं, आणि घालण्याआधी तिने ते आपल्या मनगटावर टाकून पाहिलं होतं. कोमट होतं.

शलमोन